‘हायपर’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

वैद्यकीय शब्दांची उकल : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण शब्दाच्या शेवटी येणारा ‘आयटिस’ पाहिला. आज शब्दाच्या सुरुवातीला येणारा ‘हायपर’. रक्ताच्या रिपोर्टवर, सोनोग्राफीच्या कागदावर, डिस्चार्ज कार्डावर हा उपसर्ग हमखास भेटतो आणि तो दिसताच घरात काळजी सुरू होते. तो नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळलं तर ती काळजी योग्य जागी लागेल.

हा उपसर्ग मूळचा ग्रीक. अर्थ ‘वर’, ‘पलीकडे’. वैद्यकात ‘मापापेक्षा जास्त’. आपल्याला तो अगदीच परका नाही. संस्कृतातलं ‘उपरि’, लॅटिनमधलं ‘सुपर’ आणि हा ‘हायपर’ एकाच कुळातले. याच्या विरुद्ध अर्थाचा ‘हायपो’, म्हणजे ‘खाली’, ‘कमी’. त्याचं नातं आपल्या ‘उप’शी आहे.

रक्तातलं प्रमाण

‘एमिया’ने संपणारा शब्द रक्ताबद्दल बोलतो. हायपर आणि एमिया यांच्यामध्ये जे बसलेलं असतं, ते रक्तात जास्त झालेलं असतं. ‘ग्लायक’ म्हणजे गोड, म्हणून हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त. लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ, म्हणून हायपरलिपिडेमिया. बिलिरुबिन वाढलं की हायपरबिलिरुबिनेमिया. नवजात बाळाची कावीळ ती हीच.

हायपरकॅलेमियात मधला ‘कॅल’ कॅल्शियमचा वाटतो, पण तो पोटॅशियमचा आहे. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून त्याची खूण ‘के’ हे अक्षर. कॅल्शियम वाढलं तर शब्द होतो हायपरकॅल्सेमिया. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, पण आजार वेगळे आणि उपचारही वेगळे. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते साचतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणूनच अशा रुग्णाला शहाळ्याचं पाणी आणि केळी जपून घ्यायला सांगतात. एरवी पौष्टिक असलेली हीच शहाळी-केळी आपण दवाखान्यात भेटायला जाताना हमखास नेतो. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर आधी विचारून न्यावीत.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आत असतो. रक्त काढताना किंवा नमुना नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टात आकडा वाढलेला दिसतो. शरीरात ते वाढलेलं नसतंच. डॉक्टर पुन्हा रक्त द्यायला सांगतात त्यामागे हे कारण असू शकतं.

टेन्शन नाही, तरी हायपरटेन्शन

सर्वांत जास्त गैरसमज हायपरटेन्शनभोवती आहेत. मराठीत ‘टेन्शन’ म्हणजे मनावरचा ताण. त्यामुळे ‘मला कसलं टेन्शन नाही, मग बीपी कसं?’ असा प्रश्न पडतो. या शब्दातलं टेन्शन मनाचं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा जो दाब पडतो, तो इथे अभिप्रेत आहे. शांत स्वभावाच्या, समाधानी माणसाचाही रक्तदाब १४०/९० च्या वर असू शकतो. बहुसंख्य रुग्णांत त्याचं एकच असं कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन हे सगळं मिळून तो वाढतो. शिवाय बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून डोकं दुखेल त्या दिवशीच गोळी घेणं धोक्याचं आहे. डोकं शांत असतानाही दाब आपलं काम करत असतो, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांची किंमत मोजून.

आकडा वर, काम खाली

‘माझं थायरॉइड वाढलंय’ हे वाक्य आपण सतत ऐकतो. पुष्कळदा त्यामागे एकच गोष्ट असते : टीएसएचचा आकडा जास्त आलेला. पण टीएसएच थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते पाठवते; थायरॉइडला काम करायला लावणारा तो निरोप आहे. थायरॉइड मंदावली की निरोप वाढतात. म्हणजे टीएसएच जास्त आणि थायरॉइडचं संप्रेरक कमी, हा झाला हायपोथायरॉइडिझम. हायपरथायरॉइडिझममध्ये बहुधा उलट दिसतं : टीएसएच अगदी कमी, संप्रेरक जास्त, वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात. म्हणून ‘वाढलंय’ एवढंच सांगू नका. हायपर की हायपो ते विचारून घ्या आणि तेच सांगा.

ताप आणि उष्माघात

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा एक फरक जीव वाचवू शकतो. साध्या तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. असा ताप ४१.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर त्याला हायपरपायरेक्सिया म्हणतात. हायपरथर्मियाचं तसं नाही. मेंदूने ठरवलेली पातळी जागेवरच असते, पण शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही. उष्माघात हे त्याचं भयंकर रूप : तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत भ्रम, बडबड किंवा बेशुद्धी. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. माणसाला सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

वाढ दोन तऱ्हेची

सोनोग्राफीत प्रोस्टेटपुढे ‘हायपरप्लेझिया’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ पेशींची संख्या वाढली. उतारवयातली ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. ईसीजी किंवा इकोच्या रिपोर्टात ‘हायपरट्रॉफी’ येतं, तेव्हा संख्या तीच असते, पेशी मात्र जाड झालेल्या असतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा स्नायू असा जाड होतो. गर्भाशयाच्या अस्तराचं हायपरप्लेझिया मात्र अंगावर काढू नये. त्यातल्या काही प्रकारांतून पुढे कर्करोग होऊ शकतो.

‘हायपर’ इतकंच सांगतो की काहीतरी मापाच्या वर गेलं आहे. का गेलं, ते त्यात नसतं. म्हणून असा शब्द कागदावर दिसला की डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : काय वाढलं, किती असायला हवं होतं, आणि कशामुळे वाढलं?

शेवटी मधुमेही रुग्णांच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती. फोनवर हायपर आणि हायपो यांत गल्लत सहज होते आणि ती जिवावर बेतू शकते. साखर ७० च्या खाली गेलेल्या, घाम फुटलेल्या माणसाला इन्सुलिन नको, साखर हवी. तेव्हा फोन कराल तेव्हा साध्या मराठीत ‘साखर वाढली’ किंवा ‘साखर उतरली’ म्हणा आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा सांगा. पुढच्या आठवड्यात ‘हायपो’.