रस्ता चुकलेली पाकिटं

मुलांनो, अमेरिकेतल्या मावशीशी तुम्ही व्हिडिओ कॉलवर गप्पा मारता, तेव्हा तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचतो कसा? तो अखंड जात नाही बरं का! त्याचे असंख्य बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात भरला जातो, पाकिटावर पत्ता लिहिला जातो आणि पाकीट रवाना होतं. वाटेत जागोजागी नाके लागतात. प्रत्येक नाक्यावर पत्ता वाचला जातो आणि पाकीट पुढच्या नाक्याकडे पाठवलं जातं. हे काम करणाऱ्या यंत्राचं नाव आहे राउटर.

तुमच्या घरात इंटरनेटची जी छोटी पेटी असते, तीही राउटरच. पण तिला फारशी अक्कल लागत नाही. घराबाहेर जाणारं प्रत्येक पाकीट ती डोळे मिटून इंटरनेट कंपनीकडे ढकलते. खरी परीक्षा असते ती कंपनीच्या मोठ्या राउटरची. काही तर कपाटाएवढे असतात आणि थंडगार खोल्यांमध्ये रात्रंदिवस चालू असतात. जगातल्या कुठल्याही पत्त्याचं पाकीट आलं, तरी ते कुठल्या दिशेला पाठवायचं हे त्यांना ठाऊक असावं लागतं.

पिनकोडची युक्ती

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या जगाचे पत्ते पाठ करायचे कसे? त्यासाठी आधी आपल्या पोस्टाकडे बघू या. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची कल्पना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. ते पोस्ट खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते! या पिनकोडचा पहिला आकडा ४ असला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं. ४११ असला, की पुण्याचं. दिल्लीच्या पोस्टमनला पुण्यातली गल्ली माहीत असायची गरजच नाही. सुरुवातीचे आकडे बघितले की त्याचं काम झालं.

राउटरही असंच करतो. इंटरनेटचे पत्ते म्हणजे आकडेच असतात आणि ते गठ्ठ्यांनी वाटलेले असतात. 'या गठ्ठ्यातले पत्ते या दिशेला' अशी एक यादी राउटरकडे असते. त्यात एक महत्त्वाचा नियम आहे, तो नीट लक्षात ठेवा. समजा, एका पाटीवर लिहिलंय, '४ ने सुरू होणारी पत्रं डावीकडे' आणि दुसऱ्या पाटीवर लिहिलंय, '४११ ने सुरू होणारी पत्रं उजवीकडे'. पुण्याचं पत्र कुठे जाईल? उजवीकडे! कारण दुसरी पाटी जास्त नेमकी आहे. नेमकी पाटी नेहमी जिंकते.

ही यादी कुणी एक माणूस लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर एकमेकांना सांगतात, 'हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांची पाकिटं माझ्याकडे धाड.' ऐकणारा ते आपल्या यादीत लिहितो आणि पुढच्या शेजाऱ्यालाही कळवतो. या बोलण्याची जी रीत आहे, तिला बीजीपी म्हणतात. १९८९ साली कर्क लोहीड आणि याकोव रेख्टर या दोन इंजिनिअरांनी जेवता जेवता कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला. तेव्हा इंटरनेट लहान होतं. शेजारी बोलतो ते खरंच असणार, असं धरून ही रीत बनवली गेली.

आणि तिथंच तर खरी गंमत आहे! गंमत म्हणण्यापेक्षा धोका म्हणा ना.

सव्वादोन तासांचा गोंधळ

२४ फेब्रुवारी २००८. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे तारीख २५ झाली होती. पाकिस्तान सरकारनं देशात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला होता. तो पाळण्यासाठी तिथल्या पाकिस्तान टेलिकॉम या कंपनीनं आपल्या राउटरला शिकवलं, की यूट्यूबची पाकिटं आमच्याकडे आण. आणलेली पाकिटं पुढे कुठेच न पाठवता टाकून द्यायची, असा बेत होता.

हा निरोप देशातच राहायला हवा होता, पण तो निसटला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीचा राउटर त्यांचा शेजारी होता. त्यानं निरोप न तपासता खरा मानला आणि जगभर पसरवला.

आता पाट्यांचा नियम आठवा. यूट्यूबची पाटी म्हणत होती, 'हे १०२४ पत्ते आमचे.' पाकिस्तानची नवी पाटी म्हणत होती, 'त्यातले हे २५६ पत्ते आमचे.' नेमकी पाटी जिंकली! जगभरातली यूट्यूबची पाकिटं पाकिस्तानच्या दिशेनं धावू लागली आणि लोकांचे पडदे कोरे राहिले.

यूट्यूबचे इंजिनिअर काय करणार? समोरच्याच्या राउटरला तर हात लावता येत नाही. सुमारे ८० मिनिटांनी त्यांनी त्याच २५६ पत्त्यांची पाटी लावली. तरी बरोबरीच झाली. मग त्यांनी आणखी नेमक्या, १२८-१२८ पत्त्यांच्या दोन पाट्या लावल्या. पाकिटं हळूहळू घरी वळू लागली. शेवटी पीसीसीडब्ल्यूनं तो चुकीचा निरोप मागे घेतला. सगळं मिळून सव्वादोन तास गेले.

यातून लोक काय शिकले? शेजाऱ्याचं बोलणं पारखून घ्यायचं! आता अनेक कंपन्या 'हे पत्ते अमक्याचेच' असा डिजिटल सही केलेला दाखला तपासतात. पण सगळेच अजून तपासत नाहीत.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड

शेखचिल्लीची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. राउटरवर काम करणाऱ्याला रोज त्याचीच भीती असते. कारण तो बहुतेक वेळा राउटरपाशी नसतो. नागपूरच्या राउटरला मुंबईत बसून सूचना देतो आणि त्या सूचना जातात त्याच नेटवर्कमधून. चुकून तोच रस्ता बंद केला तर? चूक दुरुस्त करायलाही रस्ता उरत नाही!

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं असंच झालं. नेहमीच्या देखभालीच्या कामात एक आज्ञा दिली गेली आणि तिच्यामुळे त्यांच्या केंद्रांना जोडणारं सगळं जाळंच बंद पडलं. चुकीच्या आज्ञा अडवणारी एक तपासणी होती, पण तिच्यातच दोष होता. आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजत होते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, सगळं सुमारे सहा तास बंद! दुरुस्तीची त्यांची साधनंही त्याच जाळ्यावर चालत होती. शेवटी माणसांना प्रत्यक्ष त्या इमारतींमध्ये पाठवावं लागलं. तिथला बंदोबस्त इतका कडक, की आत शिरायलाच वेळ गेला.

म्हणून शहाणे इंजिनिअर काय करतात माहीत आहे? काम सुरू करण्याआधी जुन्या सूचनांची प्रत जपून ठेवतात. नवी सूचना दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देतात. राउटरपर्यंत जाणारी एक वेगळी पाऊलवाट राखून ठेवतात. आणि काही राउटरमध्ये तर एक झकास सोय असते. त्याला सांगता येतं, 'ही नवी सूचना पाळ, पण दहा मिनिटांत मी "ठीक आहे" म्हटलं नाही, तर आपोआप जुनी परत आण.' इंजिनिअरनं स्वतःचाच रस्ता तोडला, तर तो 'ठीक आहे' म्हणू शकत नाही. दहा मिनिटांनी राउटर आपणहून पूर्ववत होतो!

बिघाड शोधायचा कसा?

खालून वर चढत जायचं, हा इथला शिरस्ता आहे. आधी वीज आहे का? तार जोडलेली आहे का? मग शेजारचा राउटर 'मी आहे, मी आहे' असं ठरावीक वेळानं म्हणतोय का? आणि शेवटी, यादीतल्या पाट्या बरोबर आहेत का? घाईघाईनं पाच गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. एक बदलायची आणि परिणाम बघायचा.

पुष्कळदा दोष राउटरचा नसतोच. रस्ता खोदताना जमिनीखालची काचेची तार तुटते. ती कुठे तुटली हे कसं कळणार? तारेत प्रकाशाचा झोत सोडतात. तुटल्या जागेवरून थोडा प्रकाश परत येतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. समजा, तो एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परतला. म्हणजे तो जाऊन-येऊन २० किलोमीटर धावला. मग तार तुटली १० किलोमीटरवर! तुमच्या पुस्तकातलं वेग, वेळ आणि अंतराचं गणित इथं असं कामाला येतं.

करून पाहा

आईबाबांना बरोबर घेऊन कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडा. इंग्रजीत पी-आय-एन-जी ही चार अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा आणि इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ लिहून एन्टर दाबा. 'पिंग' नावाचा हा प्रोग्रॅम १९८३ साली माइक मूस यांनी लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनीचा जो 'पिंग' आवाज होतो, त्यावरून हे नाव. तुमचं पाकीट जाऊन परत यायला एका सेकंदाचे किती हजारांश लागले, ते पडद्यावर दिसेल.

आता विंडोजवर पिंगच्या जागी टी-आर-ए-सी-ई-आर-टी लिहा. मग वाटेतले नाके एकेक करून दिसू लागतील. हे कसं घडतं? प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि प्रत्येक नाक्यावर तो एकानं कमी होतो. शून्य झाला की राउटर पाकीट टाकून देतो आणि बहुधा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. म्हणून आधी १ लिहिलेलं पाकीट सोडायचं, मग २, मग ३. कळवणारा प्रत्येक राउटर आपला पत्ता आपणच सांगून टाकतो! काही ओळींत नुसत्या चांदण्या दिसल्या, तर घाबरू नका. काही राउटर उत्तर देत नाहीत, इतकंच.

तुमच्या घरापासून पहिले तीन नाके कोणते आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, ते वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी इंटरनेट बंद पडलं, तर घरातली पेटी आपटू नका. पुन्हा हाच प्रयोग करा आणि वहीशी ताडून बघा. पाकिटं नेमकी कुठपर्यंत गेली आणि कुठे अडली, हे कंपनीला फोन करताना तुम्हीच बाबांना सांगाल!