भोवत्यांची मोजणी संध्याकाळी

हलका धान कापून झाला की गोंदियाच्या बांध्यांवर एक पाहुणा शिकारी फिरू लागतो. अंगाने सडपातळ, शेपूट लांब, पंख किंचित वर उचललेले. धुऱ्यावरून तो माणसाच्या डोक्याइतक्या उंचीने जातो, मध्येच वळतो, तीच बांधी पुन्हा धुंडाळतो आणि धसकटात हललेल्या उंदरावर, चंडोलावर किंवा नाकतोड्यावर झेप टाकतो. हा भोवत्या, म्हणजेच हॅरियर. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांडुर भोवत्या या दोन जाती कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ मैदानांत वीण करून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. दलदली भोवत्या तलावांच्या काठी रमतो.

शरदात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायची जगभरची रीत म्हणजे डोंगरावर बसणे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटनवर 1934 पासून ही मोजणी चालते. जॉर्जियातल्या बाटुमीजवळ एका हंगामात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. गरुड आणि बाझ तापलेल्या हवेच्या उभ्या प्रवाहांवर चढतात आणि पंख न हलवता पुढे तरंगत जातात. समुद्रावर असे प्रवाह क्षीण असतात, म्हणून ते पाणी टाळतात आणि डोंगर व समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत दाटी करतात. मोजणाऱ्याने त्या वाटेवर बसायचे, एवढेच.

गोंदियात अशी वाट नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातली सपाट धानशेती, तलाव, बोड्या, मध्ये नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. शिवाय भोवत्या उभ्या प्रवाहांवर फारसा अवलंबून नसतो. हलक्या अंगाचा असल्याने पंख मारत कुठूनही जातो. त्यामुळे हे पक्षी विस्तीर्ण पट्ट्यात पांगून येतात. नागालँड-मणिपूरहून आफ्रिकेकडे निघालेला अमूर ससाणा तर मध्य भारतावरून रात्रंदिवस उडत निघून जातो. त्याचा माग 2013 पासून भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या मदतीने काढला आहे.

भोवत्याच्या बाबतीत एक गोष्ट मोजणाऱ्याच्या सोयीची आहे. दिवसभर एकेकटे हिंडणारे हे पक्षी रात्री उंच गवतात, जमिनीवरच, एकत्र येऊन झोपतात. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ रानात एकेकाळी हजाराहून अधिक भोवत्ये एका ठिकाणी उतरत. तिथली घट लक्षात आली, ती वर्षानुवर्षे केलेल्या संध्याकाळच्या मोजणीमुळेच.

मोजणीची पद्धत साधी आहे, पण तिला शिस्त लागते. सूर्यास्ताच्या बराच आधी गवताच्या चारी बाजूंना माणसे बसतात, प्रत्येकाकडे आकाशाचा एक ठरलेला भाग. आत उतरणारा पक्षी नोंदवायचा, पुन्हा उठून बाहेर गेला तर वजा करायचा. राखाडी नर ओळखायला सोपा. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी पट्टी असते. पांडुर नराच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. खरी कसोटी तपकिरी माद्यांची आणि पिल्लांची. दोन्ही जातींत त्या जवळपास सारख्याच दिसतात, आणि उजेड तर कमी होत चाललेला असतो. अशा वेळी 'भोवत्या, जात अनिश्चित' अशी नोंद करणे हेच शास्त्र. अंदाजाने जात लिहिलेली नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते.

ही शिस्त गोंदियाला नवी नाही. इथे दर उन्हाळ्याच्या शेवटी, जूनमध्ये, सारस मोजतात. 'सेवा' ही संस्था, वनविभाग, सारसमित्र आणि शेतकरी पहाटे ठरलेल्या तलावांवर एकाच वेळी बसतात. जोडी किती वाजता उठली, कोणत्या दिशेला गेली, सोबत पिल्लू होते का, सारे टिपले जाते, म्हणजे एकच जोडी दोन तलावांवर दोनदा मोजली जात नाही. वैनगंगेपलीकडे बालाघाटातही सारस मोजले जातात, कारण पक्ष्याला राज्याची हद्द ठाऊक नसते. महाराष्ट्रातले बहुतेक सगळे सारस या एका जिल्ह्यात आहेत. त्यांची संख्या घसरते आहे हे कागदावर असल्यामुळेच 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आकडे नसते, तर न्यायालयापुढे काय ठेवले असते?

सारसावर येणारी संकटे भोवत्यावरही येतात. बांधीत फवारलेले कीटकनाशक नाकतोड्यातून आणि चंडोलातून त्याच्या पोटात जाते. तलावाकाठचे उंच गवत जाळले की त्याची झोपायची जागा जाते. हिवाळी पाहुण्यांची अशी घट गावात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दिवसा दिसणारे एक-दोन पक्षी पुढच्या वर्षीही एक-दोनच दिसतात.

म्हणून माझा आग्रह आहे, जूनमध्ये सारस मोजणाऱ्या हातांनीच डिसेंबरमध्ये भोवत्ये मोजावेत. तोवर भारी धानही निघालेला असतो, बांध्यांत लाखोळी उगवलेली असते आणि पक्षी एका जागी स्थिरावलेले असतात. मालगुजारी तलावांच्या काठचे न कापलेले गवत आधी हेरावे. दुसरी मोजणी फेब्रुवारीत करावी, कारण मार्चपासून भोवत्ये उत्तरेकडे परतू लागतात.