खारा वारा आणि बारा व्होल्ट

मासळीचा थवा पडद्यावर दाखवणारा फिशफाइंडर मुळात घडवला तो बोटींची वीजदुरुस्ती करणाऱ्यानंच. जपानच्या नागासाकी प्रांतातल्या कुचिनोत्सु बंदरात कियोताका फुरुनो यांनी १९३८ मध्ये बोटींच्या विजेच्या कामाचं दुकान थाटलं आणि १९४८ मध्ये भावाच्या साथीनं हे यंत्र बाजारात आणलं. आता कोकणातले तांडेलही अशा पडद्याकडे पाहून जाळं टाकतात. पडदा काळा झाला की मात्र पंचाईत.

पहिला संशय सेटवरच जातो. पण बऱ्याचदा सेट धडधाकट असतो आणि वायर कुजलेली असते. खारं पाणी बारीक तारांमधून आत शिरत जातं, आवरणाखाली तांबं काळं-हिरवं पडतं, वरून काहीच दिसत नाही. गंमत म्हणजे मल्टिमीटरही चकवतो. सेट बंद ठेवून मोजलं तर टोकाशी चांगले बारा व्होल्ट. सेट चालू होऊन करंट खेचायला लागला, की त्यातले दोन-तीन व्होल्ट कुजक्या जोडातच गडप! म्हणून जाणता कारागीर सेट चालू ठेवूनच मोजतो. मग चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत मागे जायचं, कारण काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. या कामाला महागडी हत्यारं लागत नाहीत, चिकाटी लागते.

बोटीच्या तळाचा ट्रान्सड्यूसर त्याहून हट्टी. त्यातली सिरॅमिकची चकती विजेच्या ठोक्यानं थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला, तर खोली तीस मीटर. पण चकतीच्या तोंडावर शिंपल्यांचा थर बसला की प्रतिध्वनी क्षीण होतो. तो थर हलक्या हातानं काढता येतो. चकतीच तडकली तर इलाज नाही. ती राळेत कायमची बंद असते.

ही बंद करण्याची रीत आता वाढते आहे. नव्या सेटचं पाणीरोधक सील एकदा उघडलं की पुन्हा तसं बसेलच असं नाही, आणि आतले भाग इतके बारीक की साध्या सोल्डरिंग गनचं तिथे काम नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून सुरू झालेल्या योजनेत देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. मोबाइलची रेंज संपते तिथे उपग्रहामार्फत निरोप देणारं हे यंत्र खरोखर मोलाचं आहे. ते मात्र घरी खोलून बघण्यातलं नाही. संकटाचं बटण चालतंय का, हे दाबून पाहणंही धोक्याचं, कारण खोट्या हाकेनं बचावयंत्रणा कामाला लागेल. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि हंगाम सुरू होतो. बिघाड नेमका तेव्हा झाला, तर अधिकृत माणसाची वाट पाहत बोट धक्क्याला लागते आणि खलाशांचा खर्च रोज चढत राहतो.