एनिमी : मित्र वजा केला की उरतो तो

शाळेत 'एनिमी म्हणजे शत्रू' एवढं पाठ झालं की आपलं काम भागतं. पण या शब्दाची आणि त्याच्या भाऊबंदांची कुळकथा आपण गृहीत धरतो त्याहून बरीच वेगळी आहे.

गैरसमज १ : 'एनिमी' हा अस्सल इंग्रजी शब्द आहे.
वस्तुस्थिती : तो बाहेरून आलेला आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काळात राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून असंख्य शब्द इंग्रजीत शिरले. १३व्या शतकात आलेला 'एनिमी' त्यांतलाच. फ्रेंचांना तो लॅटिन 'इनिमिकुस'कडून मिळाला होता. 'इन' म्हणजे नाही, 'अमिकुस' म्हणजे मित्र. ऋग्वेदातल्या 'अमित्र' या शब्दाची घडण अशीच आहे. मात्र 'मित्र' आणि 'अमिकुस' एका मुळातले नव्हेत.

गैरसमज २ : 'फीन्ड' म्हणजे मुळापासून सैतान.
वस्तुस्थिती : जुन्या इंग्रजीत शत्रूसाठी हाच नेहमीचा शब्द होता. तेव्हाचं रूप 'फेओन्द', अर्थ 'द्वेष करणारा'. त्याची जोडी 'फ्रेओन्द', म्हणजे 'प्रेम करणारा'. तोच आजचा 'फ्रेंड', आणि त्याचं मूळ आपल्या 'प्रिय'शी जुळतं. ख्रिस्ती धर्मात सैतान हा माणसाचा महाशत्रू. त्यामुळे 'फीन्ड' हळूहळू त्याच्याच नावावर जमा झाला आणि साध्या वैऱ्यासाठी 'फो' आणि 'एनिमी' उरले. जर्मनमध्ये मात्र 'फाइंड' म्हणजे आजही निव्वळ शत्रू.

गैरसमज ३ : 'एनिमी' हा मुळात रणांगणावरचा शब्द.
वस्तुस्थिती : रोमन लोक दोन शत्रू वेगळे मोजत. ज्याच्याशी आपलं खाजगी वैर, तो 'इनिमिकुस'. ज्याच्याशी राज्याचं युद्ध, तो 'होस्तिस'. शत्रूवर प्रेम करा, हा येशूचा उपदेश लॅटिन बायबलमध्ये आहे तो 'इनिमिकुस'बद्दल. इंग्रजीने हा भेद ठेवला नाही. शेजारचा वैरी आणि सीमेपलीकडचं सैन्य, दोघेही 'एनिमी'च.

गैरसमज ४ : 'हॉस्टाइल' आणि 'होस्ट' यांचा काही संबंध नाही.
वस्तुस्थिती : वैरभाव दाखवणारा शब्द आणि यजमान, दोघे एकाच घरातले. रोमन वक्ता सिसेरो लिहितो की पूर्वजांच्या काळी 'होस्तिस' म्हणजे फक्त परका माणूस. त्याच मुळातून इंग्रजी 'गेस्ट' म्हणजे पाहुणाही आला. दारात आलेल्या परक्याला पाट मांडायचा की तलवार उपसायची, यावर पुढचा अर्थ ठरला.

गैरसमज ५ : 'रायव्हल' हा 'रिव्हर'वरून आला.
वस्तुस्थिती : पाण्याशी नातं खरं, पण शब्द वेगळा. लॅटिन 'रिवुस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते 'रिवालिस'. 'रिव्हर' आला तो काठ या अर्थाच्या 'रिपा'वरून. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपलेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'रायव्हल'चा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि शत्रूसाठी शब्द उसना घेणारी इंग्रजी एकटी नाही. आपल्या तोंडी रुळलेला 'दुश्मन' फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'वाईट मनाचा', आणि संस्कृत 'दुर्मनस्' हा त्याचा चुलतभाऊ.