विश्लेषण : ‘फर्स्ट बेस’वर कोण खेळणार? बोस्टनमध्ये एका जागेवरून एवढा वाद का पेटला?

अमेरिकेतील बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने १५ जून २०२५ रोजी न्यूयॉर्क यांकीज या कट्टर प्रतिस्पर्ध्याला सलग तिसऱ्या सामन्यात हरवले. त्या सामन्यात राफाएल डेव्हर्सने होमरनही मारला. मात्र त्याच संध्याकाळी संघाने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडून दिले. सर्वोत्तम फलंदाजालाच निरोप देण्यापर्यंत ही वेळ आली ती मैदानावरच्या एका जागेमुळे.

वादाची ठिणगी कुठे पडली?

डेव्हर्स थर्ड बेसचा खेळाडू. २०१८ च्या विजेत्या संघात तो होता. २०२३ च्या जानेवारीत संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला. पण त्याचे क्षेत्ररक्षण कधीच भरवशाचे नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत संघाने अ‍ॅलेक्स ब्रेगमन हा थर्ड बेसचा मातब्बर खेळाडू आणला आणि डेव्हर्सला ‘डेझिग्नेटेड हिटर’ केले. म्हणजे क्षेत्ररक्षण नाही, फक्त फलंदाजी. तो आधी नाराज झाला, मग तयार झाला.

२ मे रोजी फर्स्ट बेसवरील ट्रिस्टन कॅसास धावताना कोसळला. त्याच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि हंगाम संपला. संघाचे मुख्य अधिकारी क्रेग ब्रेस्लो यांनी डेव्हर्सला फर्स्ट बेसबद्दल विचारले. त्याने नकार दिला आणि तो पत्रकारांसमोर बोलूनही दाखवला. ग्लव्ह बाजूला ठेव, असे संघानेच आपल्याला सांगितले होते, हे त्याचे म्हणणे. मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. तरी तोडगा निघाला नाही.

फर्स्ट बेसचे काम खरेच सोपे असते का?

दुरून तसेच वाटते. धिप्पाड, हळू धावणारा, पण फटके मारणारा खेळाडू असला की त्याला फर्स्ट बेसवर उभे करायचे, असा जुना रिवाज आहे. प्रत्यक्षात इनफिल्डमध्ये जमिनीवरून अडवलेला जवळपास प्रत्येक चेंडू याच माणसाकडे फेकला जातो. फलंदाजाला ९० फूट (२७.४ मीटर) धावायला चार सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात एक पाय बेसला टेकवून, अंग ताणून, वाकडातिकडा आलेला किंवा पुढ्यात टप्पा पडलेला चेंडू पकडायचा. पकड सुटली तर आधीच्या सहकाऱ्याची सगळी मेहनत वाया. डावखुऱ्याला इथे फायदा मिळतो. त्याचा ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूला असतो आणि दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकताना त्याला अंग वळवावे लागत नाही.

क्रिकेटच्या चाहत्यांना २००३ चा विश्वचषक आठवेल. एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून राहुल द्रविडने यष्टिरक्षण केले. संघाची गरज तीच, खेळाडूवरचा भारही तसाच. फरक एवढाच की द्रविड तयार झाला.

चाहते कोणत्या बाजूचे?

सरळ दोन तट पडले. एवढे पैसे घेणाऱ्याने संघ अडचणीत असताना निदान सराव तरी करून पाहायला हवा होता, असे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट व्यवस्थापनावर संतापला. कॅसासला पर्याय म्हणून कुणालाच का तयार ठेवले नाही? एकाच खेळाडूला चार महिन्यांत दोनदा जागा बदलायला सांगणे कितपत योग्य? दुसऱ्या तटाच्या प्रश्नात जास्त दम आहे. डेव्हर्सचा हट्ट नजरेत भरला, पण अडचण नियोजनातली होती. दरम्यान रोमी गोन्झालेझ, अब्राहम टोरो यांच्यावर वेळ निभावली गेली. नवख्या क्रिस्टियन कॅम्पबेललाही तिथे सराव देऊन पाहिला.

बोस्टनकर या जागेबाबत इतके हळवे का?

त्यासाठी २५ ऑक्टोबर १९८६ कडे जावे लागते. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध रेड सॉक्स ५-३ ने पुढे आणि विजेतेपद एका बादावर. तिथून मेट्सने बरोबरी साधली. मग साधासा घरंगळत आलेला चेंडू फर्स्ट बेसवरील बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला आणि सामना हातचा गेला. बकनरचे घोटे दुखावलेले होते. आधीच्या सामन्यांत आघाडी असताना शेवटी डेव्ह स्टेपलटनला त्याच्या जागी उतरवले जाई. त्या रात्री व्यवस्थापक जॉन मॅकनमारा यांनी तसे केले नाही. पुढे सातवा सामनाही गमावला. बकनरला वर्षानुवर्षे शिव्याशाप मिळाले. बरोबरी त्याच्या चुकीआधीच झाली होती, हे लोक सोयीस्कर विसरले.

२००४ मध्ये ८६ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला. तो शेवटचा चेंडूही फर्स्ट बेसवरच झेलला गेला. झेलणारा होता डग मेंटकेविच, क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेला खेळाडू.

पुढे काय झाले?

रेड सॉक्सने ऑगस्टमध्ये नॅथानिएल लोव या अनुभवी फर्स्ट बेसमनला घेतले. ८९ सामने जिंकून संघ २०२१ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचला, पण वाइल्ड कार्ड फेरीत यांकीजकडूनच २-१ ने हरला. डेव्हर्सच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलर आता जायंट्स मोजणार आहेत.

आणि जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून डेव्हर्स पहिल्यांदा क्षेत्ररक्षणाला उतरला, तो फर्स्ट बेसवर.