मालेगावचा चित्रपट आणि त्याचा हिशेब

मालेगाव म्हटले की यंत्रमागाची खडखड कानांत घुमू लागते. या गावात शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर मागापुढे उभा राहिलेला कामगार त्या दिवशी नमाज अदा करतो, बाजार करतो आणि खिशात चार पैसे उरले तर चित्रपट पाहतो. दिवसभर दुसऱ्याशी बोललेले शब्दही जिथे ऐकू येत नाहीत, तिथे काम करणाऱ्या माणसाला चित्रपटाची इतकी ओढ का असते, हे तुम्हांला सांगायला नको. याच ओढीवर मालेगावात एक छोटा व्यवसाय उभा राहिला. तो कसा उभा राहिला आणि कसा टिकला, ते पाहू.

नासिर शेख यांचे मालेगावात व्हिडिओ पार्लर होते. एका खोलीत पडदा, व्हिडिओ यंत्र आणि बसायला बाके, एवढाच त्याचा पसारा. ते लग्नाचे चित्रणही करीत. पार्लरमध्ये ते चार्ली चॅप्लिनसारख्यांचे जुने परदेशी चित्रपटही दाखवीत. दोन व्हिडिओ यंत्रे जोडून एका कॅसेटमधला तुकडा दुसऱ्या कॅसेटवर घ्यायचा, नको तो भाग गाळायचा, हे काम ते कोणत्याही शाळेत न जाता शिकले. या कामाला मराठीत ‘संकलन’ म्हणतात. चित्रपटात काय ठेवावे आणि काय काढावे, हे ज्याला कळते त्याला अर्धा चित्रपट कळला, असे मला वाटते.

सन 2000 मध्ये त्यांनी स्वतःचा चित्रपट तयार केला : ‘मालेगाव के शोले’. मूळ ‘शोले’ 1975 चा. त्याचे हे विडंबन होते. विडंबन म्हणजे एखाद्या प्रसिद्ध कलाकृतीची हसवणारी नक्कल. मूळ चित्रपटातील डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावचे डाकू सायकलींवरून आले. रेल्वेगाडीवरील हल्ल्याच्या जागी बस आली. चित्रण लग्नात वापरतात तशा साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने झाले. भाषा मालेगावच्या गल्लीतली, आणि कलाकार ओळखीचे. खर्च आला सुमारे 50,000 रुपये.

आता हा आकडा नीट पाहा. उदाहरणासाठी समजा, पार्लरमध्ये शंभर माणसे बसतात, तिकीट दहा रुपये आहे आणि दिवसाला चार खेळ होतात. रोजचे चार हजार झाले. वीज, भाडे आणि नोकरांचा पगार यांत निम्मे गेले, तरी पंचवीस दिवसांत खर्च वसूल होतो. हा चित्रपट सुमारे दोन महिने चालला असे सांगतात. हिशेब जमण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. चित्रपट बनवणारा आणि दाखवणारा एकच माणूस होता. मध्ये दलाल नव्हता. ज्यांना तो दाखवायचा ते प्रेक्षक रोज दारावरून जात होते, म्हणून त्यांना काय आवडते हे कोणाला विचारावे लागले नाही.

पैसा कमी असला की युक्ती लढवावी लागते. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाचे काम सुरू झाले, तेव्हा कॅमेरा सायकलवर ठेवून धावती दृश्ये घेतली. कॅमेरा उंच नेण्यासाठी बैलगाडीचा उपयोग केला. सुपरमॅन उडताना दिसावा म्हणून मागे हिरवा पडदा लावून चित्रण केले. अशा पडद्याचा रंग संगणकावर काढून टाकता येतो आणि त्या जागी आकाश बसवता येते. ही सारी धडपड दाखवणारा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये केला आणि तो देशोदेशी पाहिला गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपटही आला.

पण या स्वस्ताईला दुसरी बाजू होती. मित्र पैसे न घेता काम करीत होते. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावरचा कामगार होता. चित्रीकरणासाठी माग सोडावा, तर त्या दिवसाची मजुरी बुडे. म्हणजे चित्रपटाच्या 50,000 रुपयांच्या हिशेबात मित्रांची मजुरी धरलेलीच नसे. ती कोणाच्या तरी घरातून जात असे. एखाद-दुसरा चित्रपट मैत्रीवर होतो, पण दरवर्षी तसे करता येत नाही. या मंडळींतले लेखक फरोग जाफरी यांच्यासारख्यांना मुंबई खुणावत असे, यात नवल नाही. शफीकचे 2011 मध्ये कर्करोगाने निधन झाले. त्याने रंगवलेला सुपरमॅन पडद्यावर तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध लढत होता.

आपल्याच नाशिक जिल्ह्यातला एक जुना दाखला येथे आठवतो. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून सावकारांना दाखवली. ते पाहून भांडवल मिळाले. भांडवल म्हणजे उर्दूतले सरमाया. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्वयंपाकापासून फिल्म धुण्यापर्यंत सर्व कामे केली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती दिली. (मालेगावातही स्त्री कलाकार बाहेरगावाहून आणाव्या लागत. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही ही अडचण तशीच होती!) ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर आला. त्याच वर्षी फाळके आपला कारखाना घेऊन नाशिकला आले.

पुढे मोठे भागीदार घेऊन ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ निघाली आणि मतभेद झाले. पैसा ज्याचा, निर्णयही त्याचा, असे होऊ लागले. फाळके कंपनी सोडून गेले, पुन्हा आले, पण पहिली घडी बसली नाही. बोलपटांच्या काळात त्यांचे तंत्रही मागे पडले. 1944 मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले, तेव्हा परिस्थिती बेताची होती. आज देशाचा चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

फाळके यांनी घरदार पणाला लावले. नासिर शेख यांनी तसे केले नाही. पार्लर आणि लग्नाचे चित्रण चालू असल्याने एखादा चित्रपट पडला, तरी चूल पेटत राही. काहींना हा भित्रेपणा वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो.

तरी काळ बदलतोच. कॅसेट गेली आणि सीडी आली. सीडीची नक्कल काही मिनिटांत होते, म्हणून एक प्रत विकली की दहा फुकट वाटल्या जात. घरोघरी केबल आली आणि पार्लरचे प्रेक्षक घरीच बसू लागले. नासिर शेख दूरदर्शन मालिकेकडे वळले आणि सब वाहिनीसाठी त्यांनी ‘मालेगाव का चिंटू’ ही विनोदी मालिका केली.

मालेगावातली हसवणारी माणसे मात्र थांबली नाहीत. तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर छोटू दादाच्या चित्रफिती पाहिल्या असतील. त्याही मालेगावच्याच मंडळींनी बनवलेल्या. त्या यूट्यूबवर देशभर पाहिल्या जातात. प्रेक्षकाला तिकीट लागत नाही. मध्ये जाहिरात लागते आणि तिच्या उत्पन्नातला काही वाटा बनवणाऱ्याला मिळतो. तो किती असावा आणि कोणती चित्रफीत लोकांसमोर आधी आणावी, हे ती दूरची कंपनी ठरवते. नासिर शेख यांच्या पार्लरचा दरवाजा मात्र त्यांच्या स्वतःच्या गावात उघडत होता, आणि पैसे मोजायला बसणारेही तेच होते.