प्रतिकृती काय सांगते, काय नाही?

ब्रिटिश नौदलाचे ‘एरेबस’ १८२६ साली बांधले गेले. उखळी तोफांचे हादरे सोसण्यासाठी त्याचा सांगाडा भक्कम केलेला होता. म्हणूनच पुढे ते ध्रुवीय मोहिमांना उपयोगी पडले. १८४६ मध्ये ते आर्क्टिकच्या बर्फात अडकले. फ्रँकलिनच्या त्या मोहिमेतील १२९ जणांपैकी कोणीही परतले नाही.

जहाजाची लांबी सुमारे ३२ मीटर. आपण त्याच लाकडाची १:५० प्रतिकृती केली, तर ती ६४ सेंटिमीटर भरेल. वजन मात्र १,२५,००० पट घटेल. तुळयांच्या छेदाचे क्षेत्रफळ, आणि त्यासोबत ताकद, २,५०० पटच घटेल. म्हणजे वजनाच्या मानाने प्रतिकृती ५० पट मजबूत! ती आकार खरा दाखवते, मजबुती नाही. म्हणूनच जहाजांच्या प्रतिकृती तपासताना प्रयोगशाळेत मुद्दाम कमकुवत बर्फ तयार करतात. तो किती कमकुवत हवा? मुलांनाच विचारू या.